आग्रहाचा बिल्ला

"पुन्हा वजन उतरलं," वस्तुमानमापक खुर्चीतून उठणाऱ्या हेरंब दिघेला डॉक्टर शाहीन मुजावर म्हणाल्या. "विचारावं तर प्रत्येक जण म्हणतो, पोट भरलंय. चंद्रावर येऊन तुम्ही सगळे संत झालात की काय? हे बघ, वजन मर्यादेत आलं नाही तर परतीच्या यानात मी तुला बसू देणार नाही."

हेरंबला परतायलाच हवं होतं. चंद्रकुटी तळाच्या सगळ्या संगणकप्रणाली तो सांभाळत असे, आणि स्वतःचं लग्न त्याने आतापर्यंत दोनदा पुढे ढकललं होतं. तिसऱ्यांदा ढकललंस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस, असं मृण्मयीने कराडहून स्पष्ट कळवलं होतं. तिचं चुकलं असं तळावरच्या एकालाही वाटलं नव्हतं.

कमी गुरुत्वाकर्षणात भूक मरते, असं डॉक्टरांचं निदान होतं. भूक नसलेल्या माणसाला जेवायला कसं घालायचं, हे मात्र हेरंबला लहानपणापासून ठाऊक होतं. त्या दुपारी त्याने ताटं वाढणारी एक संगणकप्रणाली उभी केली आणि तळप्रमुख विभावरी सरपोतदार यांना दाखवायला नेली. मॅडम यानांच्या इंजिनांमधल्या तज्ज्ञ, मूळच्या मिरजेच्या. इतक्या झटपट झालेल्या कामावर त्यांचा विश्वास नसे.

"एका दुपारीत? काहीतरी गाळलं असशील."

"काही गाळलेलं नाही, मॅडम. जावा या संगणकभाषेत प्रत्येक गोष्टीचा एक वर्ग असतो. जेवण हा एक वर्ग, दार हा दुसरा. या नव्या ग्रंथिकेत, म्हणजे तयार कोडच्या संचात, वर्गाच्या डोक्यावर नुसता बिल्ला लावायचा. 'जपून ठेव' असा लावला की ती साठवणीची सोय करते, 'पडद्यावर दाखव' असा लावला की पान तयार करते. काय हवं तेवढं आपण सांगायचं, कसं करायचं ते तिचं ती बघते."

"आणि हा 'आग्रह' बिल्ला?"

"तो मी बनवला. पाहुण्याचा नकार म्हणजे संकोच समजायचा आणि पुन्हा विचारायचं."

"किती वेळा?"

"आमच्याकडे मोजत नाहीत."

मॅडमना हसू आलं. "चहा, नाश्ता, दूध, जेवण, सगळ्यांना वेगवेगळा लावलास?"

"छे. हे सगळे 'सेवा' या वर्गाची पोरं. बापाला लावला की पोरांना आपोआप लागतो."

प्रणाली सुरू झाली आणि तळावर सुगीचे दिवस आले. वाढपी यंत्रहात ताटाशी यायचा, भिंतीतून आवाज यायचा, "एवढीशी पोळी काय जड होते?" आणि माणसं मुकाट्याने खायची. वजनं वाढली. डॉक्टरांनी हेरंबच्या परतीवर आनंदाने सही केली. आपण केवढे हुशार, असं त्याला वाटू लागलं होतं, आणि नेमकं तेव्हाच माणूस आडवा होतो.

यान सुटायला तासभर असताना हेरंब सामान घेऊन बाहेरच्या दाराशी आला. दार उघडेना.

"इतक्यात निघालात?" दाराने विचारलं.

"हो, निघायला हवं."

"असं कसं? चहा तरी घ्या."

चहा आला. घाईत जीभ पोळून घेत त्याने तो संपवला. दार म्हणालं, "आता जेवायची वेळ झालीच आहे."

मॅडम आणि डॉक्टर धावत आल्या. कारण हेरंबच्या लक्षात आलं होतं. "दार हीसुद्धा सेवाच आहे," तो म्हणाला. "यान, दूरसंवाद, सगळीच. मला फक्त खाण्यापिण्याची पोरं आठवली."

"मग काढ तो बिल्ला," डॉक्टर म्हणाल्या.

"काढायला गेलो तर प्रणाली विचारते, इतक्यात का काढता. काढणं हाही नकारच की. आणि वीज तोडावी तर हवा बंद होईल."

मॅडमनी बंद दारावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "काढता येत नाही. पण नवा लावता येतो?"

"लावण्यात नकार कुठे आहे? येतो."

"आग्रह पाहुण्याला होतो, यजमानाला होत नाही. आत्ता यजमान कोण आहे?"

"कोणीच नाही, म्हणून तळच यजमान होऊन बसलाय."

"मग 'यजमान' बिल्ला बनव आणि मला लाव. आग्रह करायचा की नाही, हे तळाने मला विचारलं पाहिजे."

हेरंबने तिथेच जमिनीवर बसून दोन ओळी लिहिल्या. भिंतीतून अदबीने आवाज आला, "मॅडम, पाहुणे निघालेत. आग्रह करायचा ना?"

"नको. जाऊ दे त्याला."

दार उघडलं. यानाच्या इंजिनानेही तेच विचारलं आणि मॅडमनी तेच उत्तर दिलं. यान धूळ उडवत वर गेलं तेव्हा डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमचे डोळे पाणावले. दोन वर्षं शेजारी बसून काम केलेलं पोर चाललं होतं.

दूरसंवादकावर हेरंबचा आवाज आला. "मॅडम, तुमच्यामुळे जमलं. येतो मग."

"अरे, असा न जेवताच निघालास," मॅडम म्हणाल्या. "थांबायचंस की जरा."

"जशी आज्ञा," इंजिन म्हणालं, आणि यान वळलं.

त्यानंतर मॅडमनी यानाला काय काय सांगितलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. पण वळण्यात इंधन गेलं होतं आणि सुटायची वेळही टळली होती. हेरंब आत आला तो सरळ दूरसंवादकासमोर बसला. अवघड बातमी लगेच सांगून टाकावी, एवढं शहाणपण त्याच्यात होतं. पडद्यावर मृण्मयी आली. ऐकता ऐकता तिचा चेहरा कठीण होत गेला.

"माझी चूक आहे गं, त्याची नाही," मॅडम मधे म्हणाल्या. त्यांना स्वतःची अगदी लाज वाटत होती.

"त्याची चूक कधीच नसते," मृण्मयी म्हणाली. "हेरंब, तिसऱ्यांदा झालं हे. आता बोलायला काही उरलं नाही. मी ठेवते."

तिने कळ दाबली. पडदा विझला नाही.

"इतक्यात ठेवता?" दूरसंवादक तिला प्रेमाने म्हणाला. "यजमानांना विचारेपर्यंत अजून बोला की थोडं."

मृण्मयीने कळ पुन्हा दाबली, मग आणखी एकदा. तिने हेरंबकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"ते मीच बनवलंय," हेरंब पुटपुटला.

"मग बंद कर."

"मला बंद करता येत नाही. म्हणून तर यान चुकलं."

तिने तोंड दुसरीकडे वळवलं. पण ती हसू दाबते आहे, हे पृथ्वीवरचं चित्र सव्वा सेकंद उशिरा पोहोचूनही डॉक्टरांना दिसलं.

भिंतीतून हलक्या आवाजात प्रश्न आला, "मॅडम, पाहुण्या जायचं म्हणतात. आग्रह करायचा ना?"

या वेळी सरपोतदार मॅडमनी नीट विचार केला. मग डॉक्टरांना हाताला धरून दाराकडे नेत त्या म्हणाल्या, "कर."