दहाव्या गाण्याआधीचा श्वास

व्हर्ना टॅकेट नॅशव्हिलला पोचली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. केंटकीच्या डोंगरातून पाच तास गाडी चालवत ती आली होती, अल्बमचं शेवटचं, दहावं गाणं गायला. स्टुडिओत म्हातारा वेन्डेल नेहमीप्रमाणे रेकॉर्डिंगच्या मशिनपाशी बसला होता.

"आलीस पोरी? कॉफी घे. मी केलीय, म्हणजे वाईटच असणार."

ती हसली. मग तिचं लक्ष टेबलावर पडलेल्या कव्हरकडे गेलं आणि हसू जागच्या जागी विझलं.

कव्हरवर दोघी बहिणी होत्या, व्हर्ना आणि थोरली ओलेटा, एकाच माइकपुढे गालाला गाल लावून. खाली छापलं होतं, 'टॅकेट भगिनींचं अखेरचं गाणं.'

ओलेटा नोव्हेंबरात गेली होती, फुप्फुसाच्या दुखण्यानं. तोवर नऊ गाणी झाली होती, आणि त्या नऊही गाण्यांतून तिचा आवाज पुसलेला होता. तिच्या जागी बाहेरून आणलेली एक मुलगी गायली होती. हे फक्त तिघांना ठाऊक होतं: व्हर्नाला, वेन्डेलला आणि निर्माता कर्टिस हॅडिक्सला.

"हे छापायचं नाही," व्हर्ना म्हणाली.

"छापून झालंय," मागून आत येत हॅडिक्स म्हणाला. "लोकांना रडायचंय गं. रडू दे की."

"आवाज पुसलास तिचा, आणि तोंड विकतोस?"

"व्हर्ना, मला बोलायला लावू नकोस. आत जा, गा. भांडण नंतर."

ती आत गेली. दार आपटून.

आता या बहिणींच्या गाण्यातली एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी जन्मात कधी ताल मोजून गाणं सुरू केलं नाही. त्यांच्या गावच्या चर्चमध्ये कसलंच वाद्य नव्हतं; थोरली ऐकू येईल असा श्वास घ्यायची आणि धाकटी त्या श्वासावर गाणं उचलायची. पुढे चाळीस वर्षं तसंच चाललं. रेकॉर्डवर तो श्वास नको, म्हणून वेन्डेल दर वेळी तेवढा कापून टाकायचा.

व्हर्नानं हेडफोन चढवले. आधी वाजवून ठेवलेली गिटार सुरू झाली, उचलायची जागा आली आणि निघून गेली. व्हर्ना गप्पच.

"झोपलीस का?" काचेपलीकडून हॅडिक्स.

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा ती उशिरा शिरली. तिला स्वतःचीच चीड आली. पन्नाशीची बाई, आणि अजून कुणीतरी हात धरून रस्ता ओलांडून देईल म्हणून उभी आहे!

चौथ्यांदा, डाव्या कानाशी, कुणीतरी श्वास घेतला.

व्हर्नानं अगदी जागेवर गाणं उचललं. थांबावं असं मनात येत होतं, पण गळा थांबेना. गाणं संपलं तेव्हा त्या बंद खोलीत कापराच्या मलमाचा वास भरला होता. ओलेटा रोज छातीला ते मलम चोळायची.

"अस्संच!" हॅडिक्स खुशीत म्हणाला. "तो श्वास तेवढा काप, वेन्डेल."

वेन्डेलनं कापला. टेप पुन्हा लावली. श्वास होताच, मघापेक्षा लांब.

"हेडफोनमधून गेला असेल माइकात," हॅडिक्स म्हणाला.

"हेडफोनात नुसती गिटार आहे. गिटारीला दम लागतो काय?"

त्यानं पुन्हा कापला. या वेळी श्वास पहिल्या ओळीवर चढला. तिसऱ्यांदा कापल्यावर तो संपेचना. आत... आत... नुसता आत ओढला जाणारा, आणि त्याच्या तळाशी ओली घरघर.

वेन्डेलनं मशीन थांबवलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. "आता मी हात लावणार नाही. वीस वर्षं हा श्वास कापलाय मी. ओळखतो."

हॅडिक्स व्हर्नावर उखडला. "हा काय तमाशा चालवलायस?"

"मी?" ती बाहेर येत म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मारलंस तू तिला! शेवटचे सहा आठवडे माझ्याशी एक शब्द बोलली नाही ती. भिंतीकडे तोंड करून पडायची. आवाज पुसल्याचं तूच सांगितलंस तिला, होय ना?"

"मी नाही सांगितलं." हॅडिक्सनं वेन्डेलकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "व्हर्ना... पुरे. खरंच पुरे."

"नाही पुरे! वेन्डेल, टेप चालू कर."

ती पुन्हा माइकपुढे उभी राहिली आणि एकेक शब्द दगडासारखा टाकत बोलली, "या अल्बमवरचा दुसरा आवाज ओलेटाचा नाही. तिचा आवाज कर्टिस हॅडिक्सनं पुसला. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. आता हे छापा."

"पूस ते," हॅडिक्स म्हणाला.

वेन्डेलनं त्याच्याकडे बघितलंदेखील नाही. त्यानं टेप मागे नेली आणि लावली.

व्हर्नाचे शब्द ऐकू आले. आणि प्रत्येक शब्दासोबत, त्याच्या किंचित वर, दुसरा आवाज. गाण्यात तो जसा तिच्या आवाजावर अलगद टेकलेला असायचा, तसाच. '...आणि मी गप्प बसले. आता हे छापा.' इथे व्हर्नाचा आवाज थांबला.

वरचा थांबला नाही. तो म्हणाला, हळू, हुबेहूब व्हर्नाच्या ढंगात, 'तिचा आवाज फुटतोय, कर्टिस. दुसरी कुणी बघ. तिला कळू देऊ नकोस.'

हॅडिक्सनं नजर खाली वळवली. ते शब्द त्यानं एकदाच ऐकले होते, सप्टेंबरच्या शेवटी, फोनवर, व्हर्नाच्याच तोंडून.

वेन्डेल मात्र व्हर्नाकडे बघत राहिला. "पोरी..."

"मी घरी होते," ती पुटपुटली. "स्वयंपाकघरात... एकटी... घरात कुणी नव्हतं."

टेप अजून फिरत होती. तिच्यातून स्प्रिंग करकरल्याचा आवाज आला. तो आवाज व्हर्नानं लगेच ओळखला. तिच्या स्वयंपाकघराचं मागचं जाळीचं दार, ओलेटा नेहमी ज्यानं यायची ते. ते उघडलं. लाकडी जमिनीवर एक पाऊल पडलं. मग काहीच नाही.

तिघं टेप संपेपर्यंत ऐकत राहिले. दार परत लागल्याचा आवाज आला नाही.