डॉक्टरांच्या भिंतीवर सिमेंट कुणी थापलं?

"उल्काताई, माझ्या घरी चोर आला," डॉ. शशिधर म्हणाला, "आणि सिमेंट ठेवून गेला."

पद्माकरने गाडीचं दार आपटलं. बायकोच्या डिटेक्टिव्हगिरीपायी त्याने मिल्टन कीन्सहून वेल्सच्या या कोपऱ्यापर्यंत गाडी हाकली होती. आणि गुन्हा काय, तर भिंत!

भिंत साधी नव्हती. शशिधरचं जुनं दगडी घर लिस्टेड होतं. म्हणजे घर डॉक्टरचं, पण खिळा ठोकायचा तर परवानगी कौन्सिलची. भिंतीची ओल जावी म्हणून त्याने अर्जावर अर्ज केले, नकारावर नकार आले. आणि आता तो ग्लासगोला लग्नाला गेला असताना कुणीतरी मागच्या भिंतीचा चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट थापलं होतं.

"कौन्सिलचे मिस्टर प्रीस म्हणतात, मीच करवलं. कोर्टात गुन्हा ठरला तर मेडिकल कौन्सिलपर्यंत जाईल. प्रॅक्टिस जाईल हो माझी!"

उल्का भिंतीपाशी गेली. "अहो, हात वर करा बरं."

पद्माकरने केला. सिमेंट बरोबर त्याच्या बोटांपर्यंत होतं. वर जुना चुना.

"शिडी नाही का रे?"

"गोठ्यात आहे की."

शिडीवर कोळ्यांनी संसार थाटला होता. परतताना पद्माकर फरशीवरच्या रबरी पाइपात अडकून पडला. त्याला कुणी उचललं नाही.

गवंडी गॅरेथ कबूल झाला. "सिमेंट माझंच. अंगणाच्या कामातलं उरलेलं, गोठ्यात ठेवलं होतं. पण लिस्टेड भिंतीला हात लावून मी तुरुंगात जाऊ?"

शेजारी प्यू तर खूशच होता. "कौन्सिलला फोन मीच केला! हे घर मला हवं होतं, साऱ्या गावाला ठाऊक आहे. पण विचित्र माणसं बुवा तुम्ही. शनिवारी धो धो पाऊस, आणि कुंपणापलीकडे पाइपनं झाडांना पाणी चाललंय!"

"कोण घालत होतं?"

"पाण्याची धार तेवढी दिसली."

शेवटी शशिधरचे वडील, यादवराव. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. गुडघ्यांमुळे लग्नाला न गेलेले.

"अप्पा, परका माणूस आला होता का कुणी?" उल्काने विचारलं.

"कुणी नाही."

"परका आवाज?"

"मुळीच नाही. चहा घेणार?"

"प्यूच तो!" पद्माकर बाहेर येऊन म्हणाला. "आता घरी जाऊ या."

उल्काने सगळ्यांना भिंतीपाशी बोलावलं. प्रीससाहेबही आले, पावसात, चेहरा पाडून.

"मागच्या बाजूला एकही झाड नाही," ती म्हणाली. "सगळी फरशी. मग पाइपचं पाणी कशाला? भिंतीला! आपल्याकडे सिमेंटच्या गिलाव्याला आठवडाभर पाणी मारतात, उन्हानं तडे जाऊ नयेत म्हणून. वेल्समध्ये, भर पावसात, ते कोण मारेल? गॅरेथ नाही. प्यूही नाही. मारेल तो जन्मभर तिकडच्या कामांवर उभा राहिलेला माणूस. गवंडी शिडी घेऊन वरपर्यंत गेला असता. हे काम हात पोचेल तिथं थांबलंय, कारण गुडघे शिडी चढू देत नव्हते."

सगळ्यांच्या माना यादवरावांकडे वळल्या.

"अप्पा!" शशिधर ओरडला. "तुम्ही बोलला का नाही?"

"मला विचारलं कुणी? जो तो परक्या माणसाचंच विचारतोय. मी परका आहे का? तुझे अर्ज बघवेनात रे. म्हटलं, येशील तोवर करून टाकू."

"काढावं लागेल," प्रीस म्हणाले. "दगडाला इजा झाली तर मात्र कोर्ट."



"माझा गिलावा आहे तो," अप्पा ताठ होत म्हणाले. "निघायचा नाही."

प्रीसनी बोटानं ठोकून पाहिलं. पोकळ आवाज आला. त्यांनी खिशातल्या चाकूचं टोक फटीत घातलं, आणि हातभर थर फरशीवर आदळला. आतला दगड जसाच्या तसा. ओला, पण शाबूत.

"बाकीचाही असाच काढा. वर पुन्हा चुना लावा. केस मी पुढे नेत नाही," प्रीस म्हणाले.

अप्पांनी एक तुकडा उचलून बोटांनी चोळून पाहिला.

"इथल्या वाळूतच दम नाही," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

शशिधर वाचला होता. पण दार बंद होईपर्यंत आनंद दाखवायची त्याची छाती झाली नाही.