लॉकच्या तळातून आलेली हाक

पटो न पटो, यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही. हे माझ्या मावसबहिणीच्या, स्वरूपाच्या, डोळ्यांदेखत घडलं. तिने मला ते एकदाच सांगितलं. सांगण्याआधी उठून खोलीचं दार लावून घेतलं होतं.

साल २००६. ऑक्टोबरची सुरुवात. जर्मनीत रेगेन्सबर्गच्या थोडं खाली, डोनाऊ नदीच्या काठी.

स्वरूपाचा नवरा शिरीष तिथल्या एका मोटार कारखान्यात इंजिनिअर. त्याची आई, लतिकाकाकू, साताऱ्याहून महिनाभर राहायला आल्या होत्या. शिरीष त्यांचा एकुलता एक. आईला नदीवरचा लॉक दाखवायचाच, असं त्याच्या मनात होतं.

तिकडे त्याला श्लॉयझ म्हणतात. नदीत बांधलेली सिमेंटची खोल पेटीच ती. जहाज आत आलं की दरवाजे मिटतात, पाणी सोडून देतात आणि जहाज खालच्या पात्राच्या पातळीला उतरतं.

शेजारच्याच कुरणावर कॅम्पिंगची सोय होती. शनिवारी दुपारी त्यांनी दोन तंबू ठोकले. संध्याकाळपर्यंत मालवाहू जहाजं एकामागून एक उतरत होती.

"विहिरीत पोहरा सोडावा तसं जातंय गं," काकू म्हणाल्या. त्यांना फार मजा वाटत होती.

सकाळी स्वरूपाला जाग आली ती शांततेने.

पक्षी नाही. इंजिनाची घरघर नाही. बाहेर दाट धुकं.

शिरीषची स्लीपिंग बॅग रिकामी होती. त्याचे बूट मात्र... तंबूच्या दाराशी तसेच होते.

काकू आधीच उठून आपल्या तंबूबाहेर बसल्या होत्या. "अनवाणी गेला गं. हाक मारली, तर वळलासुद्धा नाही."

दोघी लॉककडे निघाल्या.

शिरीष काठावर उभा होता. कठड्याची साखळी ओलांडून, अगदी कडेला.

आणि लॉकमध्ये एक जहाज होतं.

काळपट, जुनं. पाणी काठोकाठ, त्यामुळे डेक त्याच्या पावलांच्या बरोबरीला आलेला. दोरीवर कपडे वाळत घातलेले... पण त्यांतून पाणी निथळत होतं. सतत. थांबतच नव्हतं.

डेकवर एक माणूस उभा होता. त्याने शिरीषपुढे हात केला.

शिरीषने पाऊल उचललं.

"शिऱ्या!" काकू ओरडल्या.

तो थबकला. स्वरूपाने धावत जाऊन त्याचा दंड धरला आणि त्याला मागे ओढलं. दंड बर्फासारखा गार होता.

तेवढ्यात पाणी उतरू लागलं. जहाज खाली गेलं. तो माणूस हात पुढे करून तसाच उभा... मग धुक्याने त्याला झाकून टाकलं.

खालचे दरवाजे करकरत उघडले.

तिघं बघत राहिली.

जहाज बाहेर आलंच नाही.

वाऱ्याची झुळूक आली, धुकं विरळ झालं. लॉक रिकामा होता. ओल्या भिंती, तळाशी काळं पाणी, बस्स.

आणि मग तळातून आवाज आला...

"आई... मला वर घे ना."

शिरीषचा आवाज.

शिरीष स्वरूपाच्या शेजारी उभा होता. तिची बोटं त्याच्या दंडावर होती. त्याचे ओठ मिटलेले होते.

"ओ," काकूंनी उत्तर दिलं. "आले रे, आले." भिंतीत बसवलेल्या लोखंडी शिडीकडे त्या निघाल्याच. स्वरूपाने शिरीषला सोडून त्यांना मिठी मारली, तेव्हा कुठे त्या थांबल्या.

"आई... गार आहे गं इथे..."

मग काहीच नाही.

"काय झालं तुम्हा दोघींना?" शिरीषने विचारलं. अगदी शांतपणे. त्याने एकदाही खाली वाकून बघितलं नव्हतं.

कॅम्पिंगच्या मालकीणबाईंना स्वरूपाने जहाजाबद्दल विचारलं.

"आज? नाइन, नाही. धुक्यामुळे पहाटेपासून सगळी जहाजं नदीत वरच्या बाजूलाच थांबवलीत."

परतताना काकू गाडीत मागे बसल्या होत्या. वाटभर शिरीषच्या मानेकडे बघत राहिल्या. घरी पोचल्यावर त्यांनी परतीचं तिकीट अलीकडचं करून घेतलं.

विमानतळावर शिरीष पाया पडायला वाकला.

काकूंनी पाय मागे घेतले.

याला आता काही वर्षं झाली. शिरीष ठीक आहे. कामावर जातो, जेवतो, हसतो. त्या सकाळचं त्याला काही आठवत नाही म्हणतो.

काकू दर रविवारी फोन करतात. त्याच्याशी दोन शब्द बोलतात, नीट बोलतात. मग फोन स्वरूपाला द्यायला सांगतात आणि आवाज खाली आणून विचारतात,

"नदीवर जाऊन आलीस का गं? त्याच्याशी बोललीस ना? एकटा आहे तो तिथे."

स्वरूपा हो म्हणते.

शिरीष शेजारीच बसलेला असतो.