दोन चौक्यांमधलं नेटवर्क

हद्द ओलांडून ओमानात शिरलं की गाडीतलं सिम मान टाकतं, हे दुबईतल्या आईबापांना चांगलं ठाऊक असतं. म्हणून तिथल्या खसबला फिरायला निघायच्या आदल्या दिवशीच पोरांसाठी कार्टून डाउनलोड करून ठेवायची, असा इथला रिवाज. रोशन नेमका तेवढंच विसरला. त्याच्या विसराळूपणाची त्याच्या बायकोला, ईशानीला सवय होती. पण शारजातून ही जुनी गाडी घेतल्यापासून तो तिच्याशी गाडीबद्दल काही बोलायचंच टाळत होता, आणि ते तिला खटकत होतं.

भर दुपारी अल दाराच्या चौकीवर त्यांच्या तिन्ही पासपोर्टांवर बाहेर पडल्याचे शिक्के पडले. पुढे ओमानची चौकी. मधला एवढासा रस्ता या देशाचाही नाही आणि त्या देशाचाही नाही. एका अंगाला उघडा कातळ, दुसऱ्या अंगाला समुद्र. दोघांच्याही फोनवरचं नेटवर्क गेलं. मागच्या सीटवर त्यांच्या सहा वर्षांच्या दियासमोरचा गाडीतला पडदा मात्र चालूच राहिला.

"रोमिंग चालू केलंस?" ईशानीने विचारलं.

"नाही. ऑफच आहे."

"मग हे कशावर चालतंय?"

रोशनने एसी वाढवला. तरी गाडीत ओल्या कपड्यांचा कुबट वास भरून राहिला होता. ईशानीने मागे वळून पाहिलं. पडद्यावर कुठलंतरी अरबी कार्टून होतं, आणि दिया एका कडेला सरकून बसली होती, शेजारी कुणाला तरी जागा करून दिल्यासारखी.

"दिया, हे काय लावलंयस?"

"नॉट मी, मम्मा. जुलेखाने लावलं."

"कोण जुलेखा?"

"शी लिव्ह्ज हिअर..." दिया हळूच म्हणाली. "तिला आउटचा स्टॅम्प मिळाला. इनचा कोणी देतच नाही."

रोशनचा चेहरा उतरला. "डीलर म्हणाला होता," तो पुटपुटला, "पहिल्या मालकाची मुलगी... याच रस्त्यावर... तुला सांगितलं असतं तर तू गाडी घेऊ दिली नसतीस."

"आणि माझ्या पोरीला तू त्या सीटवर बसवलंस?" ईशानीला त्याचा इतका संताप कधीच आला नव्हता. "गाडी मागे फिरव."

"ओमानची चौकी समोरच आहे. दोन मिनिटं. एकदा पलीकडे गेलो की खलास."

गाडी थांबताच ईशानी मागच्या सीटवर गेली आणि दियाला मांडीवर घेऊन तिने घट्ट धरलं. पोरीचे हात गारठले होते. रोशन पासपोर्ट घेऊन खिडकीकडे धावला. अधिकारी बाहेर आला, वाकून त्याने आत पाहिलं, फोटो ताडून पाहिला. एकच मूल, एकच पासपोर्ट. शिक्का पडला. फाटक वर गेलं.

गाडी ओमानात शिरली आणि पडदा काळा झाला. ईशानीच्या फोनवर ओमानच्या नेटवर्कचा मेसेज आला. मघापासून दाबून धरलेलं रडू तिला आवरेना.

"झालं बाळा, सुटलो आपण."

मांडीवरची पोर तिच्या खांद्यावरून मागच्या काचेबाहेर बघत होती. त्या मधल्या रस्त्याकडे बघून ती सावकाश हात हलवत होती.

"कुणाला टाटा करतेयस?"

"दियाला."