गोरख मागे वळून बघत नाही

“तुला सोडून कुणी गेलं, तर तू रडतोस का?”

तोंड किमयाचं होतं, प्रश्न मात्र आरिफा आणि प्राजक्ताचा. वडापावची पैज होती. गोरखला जाऊन हे विचारायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत हसायचं नाही, म्हणून किमया पोट धरून उभी होती. मागच्या वर्षी हीच किमया हजेरीला “येस सर” म्हणतानासुद्धा प्राजक्ताच्या पाठीआड लपायची. पण गॅदरिंगला चुकून तिच्या हाती माईक आला, दोन मिनिटांचं सूत्रसंचालन पाऊण तास लांबलं, आणि तेव्हापासून तिच्या तोंडाचा नळ जो सुटला तो काही केल्या बंद होईना. आता ती कुणालाही काहीही विचारू शकत होती. अगदी बारावी आर्ट्सच्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या मुलालासुद्धा.

गोरख कॉलेजच्या टाकीखाली वाकून ओंजळीनं पाणी पीत होता. त्यानं मान वर केली. हनुवटीवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायची त्याला काही घाई नव्हती.

“कोण गेलंय, त्यावर हाय,” तो म्हणाला. मग जरा थांबून, डोळे तिच्यावरच ठेवून — “आन् तू?”

हे पैजेत नव्हतं. किमयानं तोंड उघडलं… आणि नळाला पाणीच आलं नाही. तेवढ्यात शेवटच्या तासाची घंटा झाली. गोरखनं दप्तर खांद्याला अडकवलं आणि तो उताराला लागला, धरणाच्या दिशेनं. “येतो” नाही, “चल” नाही. मागे वळून बघणं तर नाहीच.

रोजचंच होतं ते. त्याची वाडी पाण्यापलीकडे. संध्याकाळी धरणावर वारा उठतो, लाटा आडव्या यायला लागतात, म्हणून शेवटचा तास सोडून होडी काढायची परवानगी निरंजन सरांनीच त्याला दिली होती. पण वारा उठतो म्हणून माणसानं मानसुद्धा वळवू नये? किमयानं खिडकीतून त्याची पाठ लहान लहान होत झाडीत शिरेपर्यंत पाहिली आणि मैत्रिणींना निकाल सांगितला, “टाळणारा बंध. शंभर टक्के.”

निरंजन सर मानसशास्त्र शिकवायचे, आणि त्या महिन्यात वर्गाची हालत बघण्यासारखी होती. मानसिक विकारांचा धडा संपला तेव्हा निम्म्या वर्गाला निम्मे विकार झाले होते. प्राजक्ता घरून निघताना कुलूप पुन्हा ओढून बघायची, तर तिनं स्वतःला मंत्रचळ लावून घेतला. आरिफाला परीक्षेआधी पोटात गोळा येतो, म्हणून तिचा चिंता विकार. किमया तर गावाची डॉक्टरीणच झाली होती. एसटीचा कंडक्टरसुद्धा तिच्या तपासणीतून सुटला नव्हता. शेवटी सरांनी खडू टेबलावर ठेवला आणि शांतपणे सांगितलं, की आजार असलेल्या माणसाला त्याचा खरोखर त्रास होतो, ती गंमत नाही. नाव ठेवणं आणि निदान करणं यात फरक आहे. आणि पुस्तक वाचून कुणाच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवायची नाही.

मग त्यांनी अटॅचमेंट थिअरी काढली. लहान मूल खोलीत खेळतंय, आई उठून बाहेर जाते, थोड्या वेळानं परत येते. कुणाचा बंध सुरक्षित, कुणाचा धास्तावलेला, कुणाचा टाळणारा. “आई गेल्यावर मूल किती रडतं, त्यावरच अडकू नका,” सर म्हणाले होते. “ती परत आल्यावर ते काय करतं, तिथं बघा. आणि ज्याला आईची खात्री असते ना, तेच मूल खेळत खेळत लांबवर जातं.”

वाक्य सगळ्यांनी लिहून घेतलं. किमयानं त्याखाली दोन रेघासुद्धा ओढल्या. समजलं मात्र कुणाला नव्हतं, आणि तिला तर अजिबातच नाही.

प्रोजेक्टच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या. किमयाची चिठ्ठी सरांनी उलगडली, गोरखचं नाव वाचलं, आणि मागच्या बाकावरून आरिफानं इतका मोठा खोकला काढला की सरांनी तिला पाणी प्यायला पाठवलं.

काम सोपं होतं. साळूबाईंच्या अंगणवाडीत एक सकाळ बसायचं आणि पोरांकडे बघायचं. भातकापणीचे दिवस होते. शेताशेतात पेंढ्यांचा ओलसर गोड वास भरलेला, आणि बाया विळे कमरेला खोचून पोरांना अंगणवाडीत सोडून पळत होत्या. एक पोरगी आईचा पदर सोडेना, तिनं छप्पर डोक्यावर घेतलं. दुसरी, झिपरीशी, नाकात बोट घातलेली, आई गेली तरी ढिम्म. ठोकळ्यावर ठोकळा ठेवत बसली.

किमयानं झटकन लिहून टाकलं — टाळणारा बंध.

गोरख तिच्या वहीत डोकावला. त्याच्या शर्टाला लाकडाचा आणि पाण्याचा वास येत होता. किमयाला उगीचच आपला पेन नीट धरावासा वाटला.

“थांब की,” तो म्हणाला. “आय परत तर येऊंदे तिची.”

“दुपार होईल.”

“मग बस दुपारपत्तूर. कुटं जायाचंय तुला?”

कुठंच जायचं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. ती बसली. बोलत बसली, म्हणजे ती बोलत होती आणि तो ठोकळ्यांना हात लावत ऐकत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. बावधनच्या जयाआत्याकडे राहून पुण्याला मानसशास्त्रात बी.ए. करायचं, असा आईआप्पांचा बेत आहे. आपण नाही म्हटलंय. आत्याच्या लिफ्टची भीती वाटते, तिकडचं पाणी मानवत नाही, एक ना दोन, अशी कारणं दिलीत. खरं कारण तिनं सांगितलं नाही, कारण ते तिलाच नीट माहीत नव्हतं. एवढंच, की दिवाळीनंतर आत्या परत निघाली, गाडी सुरू झाली की किमया दरवर्षी मागच्या दारी मांजर शोधायला जायची. मांजर कधी हरवलेलं नसायचं.

गोरखनं हे सगळं ऐकलं आणि विचारलं, “शिकायाचं मन हाय का न्हाई, त्ये सांग.”

“आहे. खूप आहे.”

“मग लिफ्ट सोड, जिन्यानं जा.”

ती हसली. आणि त्याच वेळी झिपरीची आई दारात आली. ठोकळे चहूकडे उडाले. पोरगी अशी सुसाट सुटली की मधे बसलेल्या किमयाच्या वहीवर पाय देऊन गेली, आणि आईच्या मळक्या पदरात तिनं जे तोंड खुपसलं ते बाहेर काढायलाच तयार नाही. गोरख नुसता भुवया उंचावून वहीकडे बघत राहिला. किमयानं लिहिलेलं खोडलं. खोडताना गाल का तापले, हे काही तिला कळलं नाही.

त्यानंतर रोज काही ना काही व्हायला लागलं. तो जांभळाच्या काटकीनं मातीत होडी काढून दाखवायचा, ती त्याला वर्गात झालेला शेवटचा तास अभिनयासकट सांगायची. एकदा त्यानं पलीकडच्या रानातले आवळे आणले. तिनं एक खाल्ला, डोळे मिटून तोंड वाकडं केलं, आणि डोळे उघडले तेव्हा तो असा बघत होता की दुसरा आवळा तिनं चव न कळताच गिळला. पण घंटा झाली की पुन्हा तेच. दप्तर, उतार, पाठ.

एके दिवशी तिनं टाकीखाली त्याला सांगून टाकलं, की ठरलं, ती बावधनला जाणार नाही. इथंच राहून बाहेरून परीक्षा देणार. तिला वाटलं होतं, त्याचा चेहरा उजळेल. तो मात्र नखानं टाकीचा सुटलेला रंग काढत राहिला. आणि घंटा झाली.

“बोल ना काहीतरी,” ती म्हणाली.

“काय बोलू? तुजं मन तिकडं हाय, आन् तू हितं राहतीस.” त्यानं दप्तर उचललं. “वारा उठंल. निगतो.”

मग किमयाच्या तोंडून ते निघून गेलं. “तू तसाच आहेस. टाळणारा. मी गेले काय, राहिले काय, तुला काही फरक पडत नाही. फरक पडणारा माणूस निदान मागे वळून तरी बघतो.”

गोरख थांबला. रागावला असता तर बरं झालं असतं, पण तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, “चिकटवलीस न्हवं चिठ्ठी.” आणि उताराला लागला.

शेवटच्या तासाला किमया वर्गात गेली. बसली. वही उघडली, तर समोर दोन रेघा ओढलेलं सरांचं वाक्य. ती उठली, सरांना हात जोडल्यासारखं काहीतरी केलं आणि पळत सुटली. उतार, झाडी, भाताची मोकळी झालेली खाचरं, पायाला टोचणारी धसकटं. काठावर पोचली तेव्हा होडी पाण्यात गेलेली होती.

उशीर झाला, असं वाटून तिनं सवयीनं मान फिरवली. नेहमीसारखी. जाणारं माणूस बघायला नको म्हणून. मग स्वतःवरच चिडून तिनं मान परत वळवली, आणि बघतच राहिली.

गोरखचं तोंड तिच्याकडे होतं.

वल्हं मारणारा माणूस पुढे तोंड करून बसत नाही. जायचं पलीकडे, पण बसायचं अलीकडे तोंड करून. धरणाच्या काठावर जन्म काढून किमयाला एवढं माहीत नसावं? माहीत होतं की. पण होडी सुटल्यावर ती कधी काठावर उभीच राहिली नव्हती. खिडकीतून तिला दिसायची ती फक्त झाडीपर्यंतची पाठ. झाडीनंतरचं सगळं पाणी तो इकडे तोंड करून कापत होता. रोज.

तिनं हात वर केला. त्याचे दोन्ही हात वल्ह्यांत अडकलेले. क्षणभर काहीच झालं नाही… मग दोन्ही वल्ही पाण्याबाहेर आली, पंखांसारखी आडवी, टोकांवरून उन्हात थेंब गळतायत. होडी वाऱ्यानं थोडी तिरकी झाली, तरी त्यानं ती तशीच धरली. किमयाचा हातही वरच राहिला. होडी ठिपका होईपर्यंत ती हलली नाही. डोळे भरले, आणि नवल म्हणजे, तिला काहीही झालं नाही. ती अख्खीच्या अख्खी काठावर उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धरणावर धुकं होतं. किमया काठावरच्या दगडावर शाल गुंडाळून बसली होती. आधी वल्ह्यांचा आवाज आला — चुबुक, चुबुक — आणि मग धुक्यातून गोरखची पाठ. येताना पाठ! ती एकटीच हसली. जाताना तोंड आणि येताना पाठ, असला उलटा माणूस कुठल्या धड्यात सापडणार होता?

होडी खडकाला टेकली, तो वळला, आणि तिला बघून त्याच्या हातातलं वल्हं निसटता निसटता राहिलं. एवढं मोठं हसू त्याच्याकडे होतं, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

तिनं आधी माफी मागितली. रात्रभर घोकलेलं होतं, तरी अडखळलीच. मग विचारलं, “तू रोज बघायचास?”

“कॉलेजची टाकी दिसंस्तवर. कदी वाटायचं, एखांद्या दिशी तू येशील काठावर.” त्यानं दोर दगडाला गुंडाळला, गाठ नीट बसलेली असताना पुन्हा ओढून बघितली. “तू काय आली न्हाईस.”

“मला निघणारं माणूस बघवत नाही. टाळणारी मीच आहे. म्हणजे… होते. कालपर्यंत.” तिनं श्वास घेतला. “आणि तू मला आवडतोस. झालं बोलून.”

“व्हय.”

“व्हय म्हणजे?”

“व्हय म्हंजे व्हय.” त्याचे कान लाल झाले होते. “माजं कवाच ठरलंय. तू त्यो रडायाचा सवाल इचारलास न्हवं, हासायचं न्हाई म्हून पोट धरून हुबी व्हतीस टाकीपाशी… तवाच.”

किमयानं शाल नाकापर्यंत ओढली, कारण त्या वेळी पोट धरून आपण किती वेडपट दिसलो असू, ते आता तिच्या डोळ्यांपुढे आलं. मग शालीतूनच तिनं विचारलं, की ती बावधनला गेली तर?

“तर जा की. मी पौडला बी.ए. करीन, होडी हायेच.” तो काठावर उतरला आणि तिला उठायला हात दिला. हात थंड होता, ओला होता, आणि तिनं तो जरा जास्तच वेळ सोडला नाही. “आन् शनवारी तू परत येशील, तवा काठावर कोण बसतंय, त्ये बघू.”

दोघं उतार चढून कॉलेजला निघाले. धुक्यात, एकमेकांपासून हातभर अंतर राखून, कारण वर टाकीपाशी आरिफा आणि प्राजक्ता पैजेचा राहून गेलेला वडापाव घेऊन उभ्या होत्या, आणि त्या दोघींना खोकला लागलाच होता.

संध्याकाळी आप्पा टेम्पोतून रिकामे क्रेट उतरवत होते. रिसॉर्टवाल्यांना भाजी पोचवून आले की ते थकून गप्प असत. आई ओट्यावर सुपात आंबेमोहर पाखडत होती. किमया दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली, गॅदरिंगला माईकपुढे राहिली होती तशीच.

“मी जूनपासून आत्याकडे राहणार आहे. मानसशास्त्रच घेणार. मी नीट विचार केलाय, आता मला कुणी समजवायला नको.”

आप्पांच्या हातातला क्रेट तसाच राहिला. आणि सहा महिने “जा गं बाई, जा” म्हणून जिनं तिच्या मागे लकडा लावला होता, त्या आईनं सूप खाली ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला.

“अगं, तूच म्हणत होतीस ना?” आप्पा म्हणाले.

“म्हणत होते. पण ती जाईल असं कुठं वाटलं होतं मला.”

“आणि ते लिफ्टचं काय?” आप्पांनी किमयाकडे वळून विचारलं.

“जिन्यानं जाईन.” किमया आईशेजारी ओट्यावर टेकली आणि तिनं सूप आपल्या मांडीवर ओढलं. “आणि निघताना मी रडले, तर त्या रडण्याकडे बघत बसू नका. शनिवारी परत येईन ना, तेव्हा बघा.”