मारबतीला बांधलेलं स्वेटर

बोदलकशाला जायचं म्हणता? जा की. बघण्यासारखी जागा आहे. चहूकडे जंगल, मध्ये एवढा मोठा तलाव, आणि पाऊस कमी झाला की काठाला वाळू अशी मोकळी होते की शहरातली मोठी मोठी माणसं चपला हातात घेऊन पळत सुटतात. झाडीतून पायवाट आहे, हिवाळ्यात पाखरं येतात. खुशाल जा. फक्त पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडे फिरकू नका. हसू नका रे! आधी ऐका, मग काय हसायचं ते हसा. आणि तो मोबाइलचा उजेड बंद कर आधी, डोळ्यांत जातो.

लोकेंद्र रहांगडाले माझ्या साळ्याच्या वर्गातला. पोवार समाजाचं पोर, धानाची शेती, आणि स्वभावानं इतका भिडस्त की बाजारात भाव करायचा तर बायकोला पुढे करणार. त्यानं हे मला एकदाच सांगितलं. पुन्हा विषय काढला तर हातातला चहा तसाच ठेवून उठून गेला. गाव तलावाच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, तुमच्यापैकी कोणाची तरी सोयरीक निघायची.

साल दोन हजार नऊ. पावसानं असा दगा दिला होता की पोळा आला तरी तलाव अर्धाच. लोकेंद्रची पोरगी रिंकी सारा श्रावण मलेरियानं पडून होती. दुपार कलली की तिला हुडहुडी भरायची, खाट वाजेपर्यंत पोर थरथरायची. मग कुंता, म्हणजे लोकेंद्रची बायको, तिला पिवळं स्वेटर चढवायची. आत्यानं विणून पाठवलेलं, छातीवर बदकाची जोडी. बाहेर उकाडा, आणि हे लेकरू लोकरीत गुंडाळून दात वाजवतंय. पुढे गोळ्यांनी ताप उतरला, पोर हिंडूफिरू लागली. पण ते स्वेटर कुंताच्या डोळ्यांना खुपायचं. त्या लोकरीत ताप मुरलाय असं तिच्या मनानं घेतलं. धुऊन, उन्हात घालूनही तिचं समाधान होईना.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मारबत निघाली. तुमच्यात नागपूरचाही कोणी बसलाय म्हणून सांगतो. तिकडे वाजतगाजत मिरवणूक असते, आमच्याकडे काम असतं. बांबूच्या कामट्यांची आणि धानाच्या तणसाची बाई करतात, फाटकं लुगडं नेसवतात, घराघरातली रोगराई तिच्या अंगावर घालतात आणि 'घेऊन जा गे मारबत' ओरडत शिवेबाहेर टाकून येतात. कुंतानं ते स्वेटर सुतळीनं तिच्या गळ्यात बांधलं. गाठीवर गाठ मारली. शिवेवरच्या नाल्याचा रपटा, म्हणजे तो बुटका पूल, ओलांडून, पार तलावाच्या वाळूत गावानं ती बाई पालथी टाकली आणि सगळे माघारी फिरले. टाकल्यावर मागं वळून पाहायचं नाही. दुसरा सूर्य उगवेपर्यंत त्या काठाला जायचं नाही. तिच्या अंगावरचं परत आणायचं नाही. एवढंच. पाळायला काय लागतं?

भिडस्त माणसाला फार लागतं.

दुपारी लोकेंद्रची धाकटी बहीण योगेश्वरी भिलाईहून आली. सोबत नवरा तिलक, त्याची नवीकोरी गाडी, आणि रोशन. हा रोशन म्हणजे काय चीज होती ते समजून घ्या. योगेश्वरीची दोन लेकरं जन्माआधीच गेली. तिसऱ्या खेपेला हा हाती लागला. सहा वर्षांचा झाला तरी ती त्याला नजरेआड होऊ देत नव्हती. लोकेंद्रचाही भाच्यावर असा जीव की त्याला ठेच लागली तर कळ मामाला यायची.

जेवणं झाली आणि तिलक म्हणाला, "साले साहब, घर में क्या बैठना? चलो, बोदलकसा घुमाओ."

"आज राहू द्या, जवाईबापू. उद्या सकाळी जाऊ ना."

"कल तो ड्यूटी है. आज क्या है?"

कुंता स्वयंपाकघराच्या दारातून डोळ्यांनी खुणावत होती. लोकेंद्रनं पाहिलं. आणि म्हणाला, "काही नाही... असंच."

झालं! जावयापुढे आपल्या माणसांची जीभ टाळ्याला चिकटते. सांगितलं असतं तर काय, तिलक हसला असता. तेवढ्या हसण्याला हा माणूस भ्याला. वर मनाशी पळवाटही काढली, की आपण तलावाच्या पाळीवर, बांधावरच थांबायचं, वाळूत उतरायचंच नाही. स्वतःपुरती पळवाट. बहीण आणि भाचा उतरणार होते, त्याचं काय?

तलावावर तर सगळे खूश. तिलक पायवाटेनं झाडीत शिरला आणि सागाचे, मोहाचे, ज्याचे त्याचे फोटो काढत सुटला. योगेश्वरी माहेरी आलेली, तिचे पाय जमिनीवर नव्हते; आज मारबतीचा दिवस हे तिच्या ध्यानातही नव्हतं. रोशननं आयुष्यात पहिल्यांदा एवढी वाळू पाहिली. पळाला, लोळला, पाण्यात जाऊन धपकन बसला. लोकेंद्र पाळीवरून बघत होता. मारबत टाकलेली जागा खडकाच्या पलीकडे होती, तिथून दिसत नव्हती. पोर तिकडे गेलं की तो "रोशन, इकडे ये बेटा" म्हणून हाक मारी. का ते सांगत नव्हता.

दिवस बुडाला. अमावास्या कालचीच, त्यामुळे अंधार असा मिट्ट की पाणी कुठे संपतं आणि जंगल कुठे लागतं ते कळेना. वारा सुटला. योगेश्वरी रोशनला ओढणीत गुंडाळून कडेवर घेऊन आली आणि मागच्या सीटवर बसली. तिलकनं गाडी काढली. लोकेंद्र पुढे बसला आणि त्यानं सुटकेचा श्वास सोडला. निभावलं, असं वाटलं त्याला.

रपटा जवळ आला. गाडीत काहीतरी वाजत होतं. कट... कट... कट. लोकेंद्रला आधी वाटलं, गाडीचंच काही असेल. हा आवाज त्यानं सारा श्रावण ऐकला होता. दातांचा आवाज होता तो.

त्यानं मागं वळून मोबाइलचा उजेड टाकला. रोशन आईच्या मांडीवर थरथरत होता. अंगात पिवळं स्वेटर. छातीवर बदकाची जोडी.

"हे कोठून आणलं?"

"तुमचंच तं होय," योगेश्वरी म्हणाली. "मीच नाही का रिंकीले विणून धाडलं? तेथं खडकापाशी दगडावर होतं. मले वाटलं, वयनी फिरायले आली असन अन् विसरली. पोरगं ओलंचिंब, थंडीनं कापून राहिलं होतं. घातलं मंग."

"दगडावर... कसं होतं?"

"कसं म्हंजे? घडी करून. बटनं लावून."

"जवाईबापू, गाडी थांबवा. रपट्यावर घालू नका. थांबवा!"

गाडी शिवेच्या अलीकडे थांबली. लोकेंद्रनं मागचं दार उघडून भाच्याच्या अंगातलं स्वेटर ओरबाडून काढलं. पोर तापानं फणफणलं होतं. तिलक ओरडायला लागला, "अरे, बच्चे को ठंड लग रही है, पागल हो गए क्या?" पण योगेश्वरीनं स्वेटरवरचा हात मागे घेतला. गावचीच लेक ती.

"भाऊ... हे मारबतीचं होय?"

त्यानं मान हलवली.

"मंग तू दुपारीच काऊन नाही सांगितलं?"

लोकेंद्रनं स्वेटर मुठीत गुंडाळलं.

"तुमी घरी जा," तो एवढंच म्हणाला. "कुंताले सांग, पोराले मांडीवर घे. मी येईपर्यंत खाली उतरवू नको. काही झालं तरी नाही."

गाडीचे लाल दिवे रपट्यापलीकडे गेले. आणि हा माणूस स्वेटर हातात घेऊन तलावाकडे चालू लागला. बायकोला पुढे केल्याशिवाय भाजी न घेणारा माणूस! भीती नव्हती म्हणता? होती की. पण पोर बहिणीचं होतं, आणि चूक याची होती.

हातातलं स्वेटर गरम होतं. त्याला वाटलं, आत्ताच अंगातून काढलंय म्हणून. पण वारा गार होता, वाट बरीच सरली होती, आणि स्वेटर गार होण्याऐवजी तापतच होतं. तापलेल्या कपाळावर हात ठेवावा तसं. त्यानं ते दुसऱ्या हातात घेतलं. मग पुन्हा या हातात.

जंगलात रातकिडे ओरडत होते. वाळू लागली. रातकिडे थांबले.

खडक ओलांडला. उजेड टाकला.

सकाळी पालथी टाकलेली बाई... बसलेली होती.

दगडाला पाठ टेकून. तोंड गावाकडे. लुगड्याचा पदर नीट डोक्यावर घेतलेला. गळ्याशी रिकाम्या सुतळीच्या गाठी तशाच. न सुटलेल्या.

लोकेंद्र गुडघ्यांवर बसला. स्वेटर तिच्या गळ्यात बांधायला लागला. आता दात त्याचेच वाजत होते. गाठ बसली. आता म्हणायचं होतं. सकाळी सारं गाव एका आवाजात ओरडलं होतं. आता एकच गळा.

"घेऊन..."

त्यानं पुन्हा सुरुवात केली.

"घेऊन जा गे... घेऊन जा गे मारबत." आणि मग, कोणी शिकवलं नव्हतं, पण तोंडातून आलं, "तुझं तुले देल्लं माय. आमचं पोरगं सोड."

पाणी हललं नाही. पान हललं नाही.

तो उठला. वळला. चालू लागला. मागं पाहायचं नाही. मागं... पाहायचं नाही.

खडक मागे पडला. वाळू संपत आली.

"मामा..."

रोशनचा आवाज.

"मामा, रुको ना."

लोकेंद्र थांबला नाही. रोशन घरी आहे. कुंताच्या मांडीवर आहे. घरी आहे.

"मामा, मेरे पैर गीले हो गए... अंधेरा है... मुझे भी ले चलो ना."

हुबेहूब तोच. जरा रुसलेला. आवंढा गिळून बोलणारा. लोकेंद्रच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मान आपोआप वळत होती. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलं, धरूनच चालला. झाडीतून सारी वाट तो आवाज मागे. कधी लांब. कधी अगदी पाठीशी.

रपटा आला. त्यानं ओलांडला.

आवाज पलीकडेच राहिला. हाक नाही आता. नुसतं रडणं. लहान पोराचं... हळू... मग तेही नाही.

घरी आला तेव्हा सगळे जागे. कुंता भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर रोशन गाढ झोपलेला. लोकेंद्रनं कपाळाला हात लावला. ताप नाही. घाम येऊन अंग मोकळं झालेलं.

"खाली उतरला होता?"

"नाही जी. मांडी बधिर झाली माही, पण हालली नाही मी."

योगेश्वरी भावाच्या गळ्यात पडून रडली. मागून आलेल्या हाकांचं लोकेंद्रनं कोणालाच सांगितलं नाही. घरातल्या सगळ्यांना त्या रात्री झोप लागली, तो सोडून.

काय म्हणतोस? पोरगं वाचलं ना? वाचलं ना बाबा. वाढलं, शिकलं, सगळं झालं. पण दुसऱ्या दिवशी सकाळचं ऐक.

पाहुणे निघाले. आमच्याकडे भाचा जायला निघाला की मामा त्याच्या पाया पडतो, भाचा केवढाही असो. रोशन ओट्यावर उभा होता. अनवाणी, आंघोळ करून, भांग पाडून. लोकेंद्र वाकला आणि त्यानं पोराच्या पावलांवर हात ठेवला.

पावलं गार होती. बोटांच्या बेचक्यांत वाळू होती. ओली.

त्यानं वर पाहिलं. रोशन खाली वाकून त्याच्या कानाशी आला. रागानं नाही, तक्रारीनं नाही. सहज विचारावं तसं त्यानं विचारलं, "मामा, मैं इतना बुलाया. आपने पीछे क्यूं नहीं देखा?"

आणि हसून गाडीत जाऊन बसला. आईच्या मांडीवर. योगेश्वरीनं त्याच्या केसांवरून हात फिरवला, भावाला हात केला, गाडी गेली.

लोकेंद्र ओट्यावर बसून राहिला. रोशन उभा होता तिथे वाळूची दोन लहान पावलं उरली होती. कुंता झाडू घेऊन आली, तर त्यानं तिला झाडू दिलं नाही. ऊन चढलं, ओटा तापला, हात ठेववेना इतका. बाजूला सांडलेलं पाणी सुकून गेलं. ती दोन पावलं संध्याकाळपर्यंत ओलीच होती.