धुतलेल्या बाटल्या

प्रयोगशाळेच्या दारातच टक्कर झाली. तिच्या हातातला डबा वाचला, पण त्याच्या पेटीतली एक बाटली घरंगळत थेट तिच्या पायाशी आली.

"थोडक्यात वाचलं, नाहीतर नदी सांडली असती," तो म्हणाला.

"मग पुसायला तुम्हालाच बसवलं असतं!"

दोघंही हसली. ओळख झाली ती अशी.

तो पाणीपुरवठा खात्यातला. नदीच्या पाण्याचे नमुने सगळ्या प्रयोगशाळांना पोचवायचा, म्हणून त्याचं नावच 'नदीवाले' पडलेलं. ती संशोधक. तिच्या जैवसंवेदकात, म्हणजे तळहाताएवढ्या एका डबीत, निळा उजेड देणारे जिवाणू होते. पाणी चांगलं असलं की ते उजळत राहायचे, पाण्यात विष असलं की विझायचे. चार थेंब टाकले की निकाल हातात!

पण मेली डबी नदीवाल्यांच्या प्रत्येक नमुन्याला विझायची. दुसऱ्या प्रयोगशाळा त्याच पाण्याला चांगलं म्हणत होत्या. शेवटी प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी बजावलं, "शुक्रवारी शेवटची चाचणी. फसली तर प्रकल्प बंद."

प्रकल्प बंद म्हणजे गाशा गुंडाळून दुसरं गाव गाठायचं. मग रोज सकाळी दारात वाजणारी ती पेटी, ते "मॅडम, आज नदी खुशीत आहे"... तेही संपणार. जास्त वाईट नेमकं कशाचं वाटतंय, हे स्वतःला विचारायची तिची छाती होत नव्हती.

शुक्रवारी बाटली घेताना बोटांना बोटं लागली — आणि ती दचकली. त्याच्या बोटांची सालपटं निघाली होती.

"हाताला काय झालं?"

"काही नाही हो."

"दाखवा बघू."

तिने त्याचा हात धरला, हवा त्यापेक्षा जरा जास्तच वेळ. हाताला ब्लीचिंग पावडरचा वास येत होता.

"पोहण्याच्या तलावावर नोकरी धरलीत की काय?"

"त्या पावडरने बाटल्या धुतो... घरी."

"सगळ्यांच्या?"

"नाही. तुमच्याच." त्याने मान खाली घातली. "बाकीच्यांना खात्यातून येतात तशाच देतो. पण तुमच्या हातात द्यायची म्हणजे... जरा चकचकीत नको?"

तिने कपाळावर हात मारला. "अहो शहाणे! म्हणजे माझे जिवाणू नदीने नाही, तुमच्या टापटिपीने मेले!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "माझ्यामुळे तुमचं काम... मी आत्ताच सरांना सांगतो."

"सांगा, पण नंतर. आधी गाडी काढा."

खात्याची कोरी बाटली नदीवर भरून दोघं परतली. अंधाऱ्या खोलीत सरांसमोर तिने दोन डब्या ठेवल्या. धुतलेल्या बाटलीतल्या पाण्याने पहिली विझली. दुसरीत थेंब पडले... निळा उजेड हलला नाही.

"म्हणजे डबी इतके दिवस खरंच सांगत होती!" सर म्हणाले, आणि ही बातमी सगळ्यांना द्यायला लगबगीने बाहेर गेले.

खोलीत ती दोघं उरली.

"आता बाटल्या धुणार नाही," तो पुटपुटला. "पण मग तुम्हाला कळणार कसं?"

"काय कळणार?"

"की... मला तुम्ही आवडता."

तिने खणातून मलम काढलं आणि त्या निळ्या उजेडात त्याच्या एकेका बोटाला हळुवार लावलं.

"हे रोज लावायला हवं," ती म्हणाली. "उद्या या."

"उद्या सुट्टी आहे. नमुने नसतात."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तरी या."